जाड, गोल टोकांचं अक्षर: निवडायचं कसं, वापरायचं कुठं

‘मिसळ’ हा शब्द एखाद्या ठळक गोलसर फाँटमध्ये टाइप करा, स्क्रीनभर मोठा करा आणि ‘म’च्या उभ्या दांड्याचं फक्त खालचं टोक बघा. टोक पूर्ण गोल असेल तर ते अर्धवर्तुळ असतं. दांडा ४० मिलिमीटर जाड असेल तर टोकाची त्रिज्या २० मिलिमीटर. दुसऱ्या प्रकारच्या फाँटमध्ये अर्धवर्तुळ नसतं, नुसते कोपरे घासलेले असतात, चार दिवस वापरलेल्या साबणाच्या वडीसारखे. दुकानदार दोन्हींना ‘गोल अक्षर’च म्हणतो, पण पाटीवर दोन्ही वेगळी वागतात. पूर्ण गोल टोक जास्त लाडिक दिसतं. घासलेल्या कोपऱ्याचं अक्षर थोडं पोक्त दिसतं, त्यामुळे ते जास्त ठिकाणी खपतं. नव्याने डिझाइन शिकणाऱ्याने सुरुवात या दुसऱ्यापासून करावी.

गोल टोक हा कुणा डिझायनरचा निव्वळ शौक नाही. भरलेला गोल ब्रश पाटीवर टेकवला की सुरुवात गोलच उमटते. निऑनची नळी वाकवली तर कोपरा गोलच येतो. राउटर या कोरायच्या मशीनचं बिट, म्हणजे कापणारं पातं, फिरतं, म्हणून त्याने कोरलेल्या खाचेला गोल शेवट मिळतो. रोमन लिपीत हे अक्षर कंपन्यांच्या कामात रुळलं ते १९७०च्या दशकाच्या अखेरीस फोक्सवॅगनसाठी तयार झालेल्या व्हीएजी राउंडेडमुळे. पुढे बरीच वर्षं ॲपलच्या कीबोर्डवरची अक्षरं त्याच घाटाची होती.

देवनागरीत मात्र मामला वेगळा आहे. रोमनमध्ये प्रत्येक अक्षर सुटं, म्हणून टोकंही भरपूर. आपल्याकडे शिरोरेषा सगळ्यांना जोडून घेते आणि वरची बहुतेक टोकं तिच्यात गडप होतात. गोलाई दिसते ती कान्याच्या तळाशी, शब्दाच्या दोन्ही बाजूंना शिरोरेषा संपते तिथं, वेलांटी-मात्रांच्या शेंड्यांना आणि ‘स’, ‘र’ यांच्या तिरक्या पायाला. म्हणून देवनागरीत गोलसरपणाचा खरा कस टोकांवर लागत नाही, तो पोकळ्यांमध्ये लागतो.

पोकळी म्हणजे ‘व’च्या पोटातली मोकळी जागा, ‘क’च्या दोन बाजूंची कमान, ‘ष’मधल्या तिरक्या रेघेच्या वर-खाली उरलेले दोन तुकडे. रेघ जाड केली की ती आत-बाहेर दोन्हीकडे वाढते आणि आतली जागा खाते. चांगला फाँट करणारा अशा अक्षरात रेघ हळूच बारीक करतो. ‘क्ष’ची रेघ ‘ग’च्या रेघेपेक्षा बारीक असते, पण डोळ्याला दोन्ही सारख्या वाटतात. हलक्या दर्जाच्या फाँटमध्ये ही मेहनत केलेली नसते. मग ‘लक्ष्मी’ लिहिलं की ‘क्ष्मी’च्या जागी काळा ठिपका बसतो. आमच्या कोल्हापुरात, महालक्ष्मीच्या गावात, लक्ष्मीच वाचता येत नसेल तर त्या फाँटचा उपयोग काय?

हे अक्षर कुणाला शोभतं

मिसळ, वडापाव, लोणी डोसा, आइस्क्रीम, सोळंकढी, बालवाडी, खेळण्यांचं दुकान, दूध-दही, मोबाइल दुरुस्ती, पाळीव प्राण्यांचा दवाखाना, पेठेतल्या तालमीच्या फुटबॉल संघाची जर्सी. गिऱ्हाइकाने बिचकू नये, लांबून वाचावं आणि आत यावं, असं जिथं जिथं आहे तिथं हे अक्षर डोळे झाकून चालतं. शब्द मात्र थोडे हवेत. दोन ते पाच शब्दांचं नाव किंवा एका ओळीची जाहिरात. या अक्षरात पूर्ण परिच्छेद लावला तर तो चिखलासारखा दिसतो.

सराफी पेढी, वकिलाची पाटी, श्रद्धांजलीचा फ्लेक्स, पैठणीचं दुकान यांना हे लावू नका. ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ गुबगुबीत अक्षरात वाचताना माणूस ओशाळतो. आणि जंगी कुस्त्यांच्या मैदानाच्या पोस्टरला तर अजिबात नको. तिथं धार लागते. गोल अक्षरातलं कुस्तीचं पोस्टर म्हणजे पैलवानाला झबलं. तांबड्या रश्श्याच्या खानावळीचं मात्र दोन्हीकडे जमतं: घरगुती जेवण विकायचं असेल तर गोल, झणका विकायचा असेल तर धारदार.

फाँट घ्यायच्या आधी

पहिलं काम परवान्याचं. पेन ड्राइव्हवरून आलेला फाँट कुणाचा, त्याचे पैसे भरलेत का, हे ठाऊक नसेल तर तो गिऱ्हाइकाच्या लोगोत वापरू नका. फुकट आणि रीतसर हवा असेल तर ‘एक टाइप’ या गटाने केलेला ‘बलू २’ गूगल फाँट्सवर आहे. त्याला ओपन फाँट परवाना आहे, म्हणजे धंद्याच्या कामाला वापरता येतो, नुसता फाँट विकता येत नाही. त्यात रेग्युलरपासून एक्स्ट्रा बोल्डपर्यंत पाच वजनं, म्हणजे जाडीच्या पाच पायऱ्या, आहेत. त्याच कुटुंबात कन्नडसाठी ‘बलू तम्मा २’ आहे. निपाणी-बेळगावकडे माल जाणाऱ्या आपल्याकडच्या व्यापाऱ्याला बॉक्सवर दोन्ही लिप्या एका घाटाच्या मिळतात, ही मोठी सोय. बारीक मजकुरासाठी त्याच गटाचा ‘मुक्त’ जोडीला ठेवा. तो गोलसर नाही, पण शेजारी बसवला तर भांडत नाही.

दुसरं, फाँट युनिकोड, म्हणजे सगळ्या संगणकांवर सारख्याच चालणाऱ्या संकेतातला, आहे का ते बघा. श्रीलिपीसारख्या जुन्या संकेतातले गोल फाँट बऱ्याच छापखान्यांत अजून चालतात आणि त्यातले काही घाटाने छान आहेत. पण त्यात टाइप केलेला मजकूर दुसऱ्या संगणकावर उघडला की अगम्य चिन्हं येतात. कन्व्हर्टरने युनिकोड करून घेतला तरी रफार, ‘ऱ्य’ आणि जोडाक्षरं एकेक करून तपासावी लागतात.

तिसरं, चाचणीची ओळ. नमुन्यातला ‘कमल नमन कर’ कुठल्याही फाँटमध्ये सुंदरच दिसतो. त्याऐवजी हे टाइप करा:

श्री महालक्ष्मी प्रसन्न · शुद्ध गूळ · विठ्ठल · राष्ट्र · खोऱ्यात · ज्ञान · आर्थिक · लाडू · ॲक्रिलिक · ऑफर

काय बघायचं? ‘ॲ’च्या जागी चौकोन आला तर फाँटमध्ये ते अक्षरच नाही. हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आलं, त्यामुळे जुन्या फाँटात ते सापडत नाही. ‘खोऱ्यात’मध्ये ‘य’च्या आधी पापणीसारखा अर्धा ‘र’ यायला हवा. तिथं रफार आला किंवा पाय मोडलेला ‘र’ दिसला तर तो फाँट मराठीचा विचार करून केलेला नाही. ‘ल’ आणि ‘श’ मराठी वळणाचे आहेत की हिंदी, तेही बघा. काही फाँटमध्ये दोन्ही रूपं असतात आणि मजकुराची भाषा ‘मराठी’ निवडली की बदलतात. शेवटी ‘शुद्ध’मधला ‘द्ध’. ही ओळ कागदावर ५ मिलिमीटर उंचीत छापा, हात लांब करून धरा. ‘द्ध’ आणि ‘क्ष्मी’च्या पोकळ्या दिसल्या तर फाँट पास.

वजन किती घ्यायचं

नवखा माणूस यादीतलं सगळ्यात जाड वजन निवडतो. ‘ठळक हवं’ असं गिऱ्हाईक म्हणालेलं असतं ना! आमचा ठोकताळा असा: शिरोरेषेपासून पायापर्यंत अक्षराची उंची धरली तर रेघ तिच्या सहाव्या ते पाचव्या भागाइतकी जाड असावी, आणि शब्दातली सगळ्यात लहान पोकळी रेघेच्या तिसऱ्या भागाहून लहान नसावी. ‘गरम चहा’ एक्स्ट्रा बोल्डमध्ये चालतो, कारण त्यातली अक्षरं मोकळी आहेत. ‘क्षत्रिय’ किंवा ‘ज्ञानेश्वरी’ नाव असेल तर एक पायरी खाली या.

पांढरं अक्षर लाल किंवा काळ्या पार्श्वभूमीवर असलं की ते आहे त्याहून जाड दिसतं. आतून दिवे असलेल्या बोर्डावर प्रकाश पसरून आणखी जाड होतं. उजेडातल्या अक्षराला म्हणून सेमी बोल्ड पुरतं. पिवळ्यावर लाल किंवा पांढऱ्यावर गडद असेल तर बोल्ड.

आणि सॉफ्टवेअरमधलं ‘बी’चं बटण दाबून आधीच जाड असलेलं अक्षर आणखी जाड करू नका. संगणक सगळ्या बाजूंनी सारखीच चरबी चढवतो, त्यात पहिला बळी पोकळ्यांचा जातो.

मोजमाप: १० बाय ३ फुटांची पाटी

समजा नाव आहे ‘झणझणीत मिसळ’ आणि पाटी १० फूट रुंद, ३ फूट उंच. म्हणजे १२० बाय ३६ इंच. चारही बाजूंनी ४ इंच सोडा, कारण फ्लेक्सची कड फ्रेमवर वळते आणि तिथं खिळे किंवा रिंगा येतात. उरले ११२ बाय २८.

गोलसर जाड देवनागरीत अक्षराची सरासरी रुंदी उंचीच्या जवळपास असते. या नावात आठ अक्षरं आहेत. दोन वेलांट्यांचे दांडे आणि मधली मोकळी जागा मिळून आणखी एक धरा. नऊ. ११२ भागिले ९ म्हणजे १२ इंचांच्या थोडं वर. तर शिरोरेषा ते पाया १२ इंच. वर वेलांटीला साधारण ५ इंच आणि एखाद्या नावात उकार असेल तर खाली ४ इंच. एकूण २१, म्हणजे २८ मध्ये बसून खाली ‘भजी · चहा · ताक’ची एक बारीक ओळ मावते.

वाचण्याचं अंतर? पाट्यांच्या धंद्यात दर १० फुटांना १ इंच अक्षर धरतात. १२ इंच म्हणजे १२० फुटांवरून सहज वाचता येईल. राजारामपुरीच्या गल्लीला हे पुरून उरतं. हायवेच्या ढाब्याला पुरत नाही, तिथं गाडी वेगात असते, म्हणून दीडपट घ्या. उंची मोजताना शिरोरेषा ते पायाच धरायची. काही ऑपरेटर वेलांटीच्या शेंड्यापासून उकाराच्या तळापर्यंत मोजून ‘२१ इंची अक्षर’ म्हणतात, त्याला भुलू नका.

शेजारी इंग्रजी नावही असेल तर कायदा लक्षात ठेवा. राज्याच्या २०१७च्या दुकाने व आस्थापना अधिनियमात २०२२ साली दुरुस्ती झाली. तिच्यानुसार मराठी देवनागरी नाव आधी हवं आणि ते दुसऱ्या लिपीपेक्षा लहान चालत नाही. आम्ही इंग्रजी कॅपिटल अक्षरं मराठीच्या शिरोरेषा-ते-पाया उंचीच्या तीन चतुर्थांश ठेवतो. १२ इंचांना ९. कायदाही पाळला जातो आणि पाटीही तोलात दिसते.

आता सगळ्यात मोठं पाप: नाव पाटीला पुरत नाही म्हणून बाजूने धरून ताणणं. धारदार अक्षरात हे थोडंफार लपतं. गोल अक्षरात लपत नाही, कारण टोकाच्या वर्तुळाचं अंडं होतं आणि अंडं कुणालाही ओळखता येतं. शिवाय आडवं ताणलं की उभे दांडे जाड होतात आणि शिरोरेषा आहे तेवढीच राहते. जागा उरली तर उरू द्या, किंवा तिथं वाटी-पावाचं चित्र टाका. अक्षरांत अंतर वाढवून जागा भरणं हेही तितकंच वाईट, शिरोरेषा तुटते आणि शब्दाची मण्यांची माळ होते. कोरल ड्रॉ या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘फोर्स जस्टिफाय’ (ओळ दोन्ही कडांपर्यंत ताणणारा पर्याय) चुकून लागलं तरी हाच प्रकार घडतो.

दोन ओळी असतील तर

‘शुद्ध गूळ’ वर आणि ‘सेंद्रिय काकवी’ खाली, दोन्ही डावीकडून एका रेषेत लावून बघा. ‘शु’चा उकार नेमका ‘सें’च्या मात्रा-अनुस्वारावर येऊन बसतो. रोमनच्या सवयीने ओळींतलं अंतर १०० टक्के ठेवलं तर दोन्ही एकमेकांत घुसतात. जाड फाँटमध्ये उकारही जाड असतो, म्हणून १३० टक्क्यांपासून सुरुवात करा, गरज पडल्यास १४५ पर्यंत जा. तरीही टक्कर होत असेल तर खालची ओळ मधोमध घ्या, उकार सरकून मोकळ्या जागेवर येतो. उकार खुडून छोटा करण्याचा उद्योग करू नका.

संगणकावरचं काम

कोरल ड्रॉमध्ये पानाचं माप थेट इंचांत पाटीएवढं घ्या. युनिकोड कीबोर्डने टाइप करा. फोटोशॉपमध्ये काम असेल तर आधी टाइपच्या सेटिंगमध्ये जाऊन भारतीय लिप्यांचा, म्हणजे ‘वर्ल्ड रेडी’ पर्याय चालू करा, नाहीतर ‘मि’ची वेलांटी ‘म’च्या उजवीकडे पडते आणि जोडाक्षरांचे पाय मोडलेले दिसतात. दोष फाँटचा नसतो, लोक उगाच फाँट बदलत बसतात.

नाव बसवून झालं की त्या ओळीची एक प्रत पानाबाहेर तशीच ठेवा. पुढच्या वर्षी गिऱ्हाईक ‘मिसळ’च्या जागी ‘मिसळ हाउस’ करायला येतंच. मग दुसऱ्या प्रतीला कंट्रोल-क्यू देऊन कर्व्ह करा, म्हणजे अक्षरांचे नुसते आकार करून टाका. न कर्व्ह केलेली फाइल फ्लेक्सवाल्याकडे गेली आणि त्याच्याकडे तो फाँट नसला तर मशीन बिनबोभाट दुसराच फाँट लावतं.

यानंतरची पायरी नवखे हमखास विसरतात. देवनागरी फाँटमध्ये प्रत्येक अक्षराची शिरोरेषा पुढच्यावर किंचित चढलेली असते, म्हणूनच ती अखंड दिसते. कर्व्ह केल्यावर हे चढलेले तुकडे तसेच राहतात. वायरफ्रेममध्ये, म्हणजे नुसत्या कडा दाखवणाऱ्या दृश्यात, बघितलं की प्रत्येक सांध्यावर दोन उभ्या रेघा दिसतात, आणि कधीकधी तिथं पांढरा चट्टाही पडतो. छपाईत एखादवेळी खपून जाईल, पण रेडियम (रंगीत स्टिकर) कटिंगचा प्लॉटर त्या प्रत्येक रेघेवर ब्लेड फिरवतो आणि शिरोरेषेचे तुकडे हातात येतात. म्हणून सगळी अक्षरं निवडून वेल्ड करा, म्हणजे जोडून एकच आकार करा. चट्टा राहिलाच तर त्यावर शिरोरेषेच्या जाडीचा एक छोटा आयत ठेवा आणि त्यासकट पुन्हा वेल्ड करा. वायरफ्रेममध्ये शब्दाभोवती एकच अखंड रेघ आणि आत फक्त पोकळ्या दिसल्या की काम झालं.

आउटलाइन द्यायची तर वेल्डनंतरच. आउटलाइन पेनच्या खिडकीत तीन गोष्टी बघा: कोपरा गोल निवडलेला असावा, नाहीतर रफाराच्या सांध्यातून काटे बाहेर येतात. ‘बिहाइंड फिल’वर खूण हवी, नाहीतर आउटलाइनचा निम्मा भाग अक्षराच्या आत येऊन पोकळ्या खातो. ‘स्केल विथ ऑब्जेक्ट’वरही खूण हवी, नाहीतर डिझाइन मोठं केलं तरी आउटलाइन सुतळीएवढीच राहते. एक पांढरी आणि तिच्याबाहेर एक गडद, एवढ्या दोन आउटलाइन पुरे. तिसरी घातली की नाव वाचायला शोधावं लागतं.

कशावर उतरणार, त्यावर बाकीचं

फ्लेक्सला शक्य तर कर्व्ह केलेली पीडीएफ द्या. चित्र म्हणूनच द्यायचं झालं तर पूर्ण मापात १०० डीपीआय (एका इंचात १०० ठिपके) पुरे, म्हणजे १० बाय ३ फुटांना १२,००० बाय ३,६०० पिक्सेल. ३०० डीपीआयची फाइल पाठवून ऑपरेटरचा संगणक अडकवण्यात काही हाशील नाही.

रेडियममध्ये हे अक्षर राजा आहे. आपल्याकडच्या पावसात स्टिकर सुटायला सुरुवात होते ती टोकदार कोपऱ्यापासून, कारण तिथं चिकटलेली जागा सगळ्यात कमी. गोल टोकाला ती अडचण कमी येते. लहान अक्षरात रेघ २ मिलिमीटरपेक्षा बारीक ठेवू नका, उचकटताना ती सोबत येते. फुटबॉलच्या जर्सीवर उष्णतेने चिकटवायच्या, म्हणजे हीट प्रेसच्या, अक्षरांनाही हाच नियम. पाठीवर नाव २ ते अडीच इंच उंच, आकडा ८ ते १० इंच. ‘६’ आणि ‘९’च्या पोकळ्या मैदानाच्या दुसऱ्या टोकावरून उघड्या दिसायला हव्यात, म्हणून आकड्याला सगळ्यात जाड वजन टाळा.

उद्यमनगरात एसीपीवर (ॲल्युमिनियमचे थर असलेल्या पाटीच्या पत्र्यावर) राउटरने अक्षर कापून घेणार असाल तर बिटचं माप विचारा. ६ मिलिमीटरचं बिट आतल्या कोपऱ्यात ३ मिलिमीटरची गोलाई सोडणारच. धारदार फाँटमध्ये ती चूक वाटते. गोलसर फाँटमध्ये ती घाटातच मुरते, म्हणून हे अक्षर राउटरला मानवतं. आतून एलईडी लावायचे असतील तर रेघ किमान ४० मिलिमीटर रुंद हवी. साधारण मॉड्यूल १५ मिलिमीटरचं असतं, दोन्ही बाजूंना जागा नसेल तर समोर उजेडाचे ठिपके दिसतात. आपल्या १२ इंची ‘मिसळ’ची रेघ ५० ते ६० मिलिमीटर येते, तेव्हा प्रश्न नाही. खालच्या ‘भजी · चहा · ताक’ ओळीला मात्र एलईडी घालण्याच्या भानगडीत पडू नका, ती सपाट कापा.

गुळाच्या बॉक्सवर स्टेन्सिलने नाव मारायचं असेल तर ‘व’, ‘ब’, ‘प’ची पोकळी कापल्याबरोबर गळून पडते. तिला धरायला ३ ते ५ मिलिमीटरचे पूल ठेवावे लागतात. पूल उभ्या दांड्यातून काढू नका, अक्षर मोडल्यासारखं दिसतं. गोल पोटाच्या वळणातून, वर एक आणि खाली एक काढा.

छापायला टाकण्याआधी

नावाचा एकच फूटभर तुकडा, तोही सगळ्यात अवघड अक्षराचा, खऱ्या मापात छापून घ्या. ‘झणझणीत’मध्ये तो ‘झ’ असेल. भिंतीवर लावा, रस्त्याच्या पलीकडे जाऊन बघा, मग डोळे अर्धवट मिटून बघा. ‘झ’ची गाठ काळी झाली तर एक वजन खाली या आणि पुन्हा एक तुकडा काढा. दिव्यांची पाटी असेल तर हेच अंधार पडल्यावर करा, आणि कर्व्ह केलेली फाइल व टाइप केलेली फाइल दोन्ही गिऱ्हाइकाला वेगवेगळ्या नावांनी, फाँटचं नाव आणि वजन लिहून द्या.